बोट पाणी पिऊन राहिली

आमच्या गॅरेजमध्ये किस्से जमवायला काही करावं लागत नाही. बोटीच्या बुडात पाणी साचतं तसे ते साचतात. कोरडं करून घरी जावं, दुसऱ्या दिवशी येऊन पाहावं तर घोटाभर! कुठून आलं, कसं आलं, पत्ता नाही. मग अधूनमधून उपसावंच लागतं. आज चहा व्हायला वेळ आहे, तर थोडं उपसतो.

आधी एक सांगून टाकतो, कारण सगळे तेच विचारतात. हो, नागपुरात बोटींचं गॅरेज आहे! कामठी रोडवर, कन्हानच्या अलीकडे. समुद्र इथून कुठल्या कुठे, मान्य. पण तलाव आहेत, धरणं आहेत, त्यांच्यात बोटी आहेत, अन् बोट म्हटली की गळती आलीच.

गॅरेजमध्ये आम्ही दोघं. मी विलास. घराणं विणकरांचं, वडील माग चालवायचे. मी मोटरसायकली दुरुस्त करता करता बोटींवर आलो. दुसरे दामूभाऊ. कोराडीच्या वीज केंद्रात जन्मभर पंपांची फिटरकी करून रिटायर झालेले. अंगावर छप्पर आलं तरी ते आधी चष्मा पुसतील अन् मग वर पाहतील. मी नेमका उलटा. फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो.

त्यातही फोन मंदाताईंचा असला की दोन गोळे येतात. मंदाताई रामटेककडच्या एका तलावावर बोटिंगचा धक्का सांभाळतात. बोटी चालवतात, पर्यटकांना दटावतात, अन् काही बिघडलं की मला फोन करतात. 'हॅलो' वगैरे भानगड नाही. थेट वाक्य : "विलासभाऊ, बोट पाणी पिऊन राहिली!"

*

नागपूरच्याच बेसा भागातले एक साहेब. त्यांनी हौसेनं एक जुनी स्पीडबोट घेतली अन् सर्व्हिसिंगला आमच्याकडे टाकली. दुसऱ्या दिवशी पाहायला आले, तेव्हा नेमकं आम्ही तिचं स्टर्न ड्राइव्ह उतरवलेलं होतं.

स्टर्न ड्राइव्ह म्हणजे काय, तर इंजिन बोटीच्या आत अन् पंखा फिरवणारा पाय बोटीच्या मागे, बाहेर पाण्यात. दोघांना जोडायचं तर बोटीच्या पाठीला भोक पाडावं लागतं. जेवणाचं ताट आरपार जाईल एवढं!

साहेबांनी त्या भोकातून पलीकडचं आमचं पेरूचं झाड पाहिलं. चेहरा पांढरा.

"हे भोक कोणी पाडलं?"

"कंपनीनं," दामूभाऊ म्हणाले.

"काहून?"

"पाय बाहेर काढाले."

"अन् मग पाणी कोण अडवते?"

दामूभाऊंनी टेबलावरून काळ्या रबराची एक घड्याघड्यांची नळी उचलून त्यांच्या हातात दिली. दुकानात तिला बेलो म्हणतात. दामूभाऊ भाता म्हणतात, लोहाराच्या भात्यासारखी दिसते म्हणून. साहेबांनी ती दाबून पाहिली, ताणून पाहिली.

"एवढंच?"

"एवढंच."

"अहो, मले पोहता नाही येत!"

"मग दरसाल भाता बदला," दामूभाऊ शांतपणे म्हणाले. "पोहणं शिकण्यापेक्षा सोपं आहे."

साहेब दरसाल भाता बदलतात. शिवाय त्यांनी धसक्यानं पोहण्याचा क्लासही लावला. पहिल्या दिवशी तिथल्या सरांनी टाकीत उतरायला सांगितलं, तर यांनी काठावरूनच विचारलं म्हणे, "आधी सांगा, टाकीले भोक कुठं कुठं आहे?"

*

एका उन्हाळ्यात मंदाताईंची आठ सीटची मोठी बोट दर रविवारी पाणी प्यायला लागली. फक्त रविवारी! सोमवार ते शनिवार बूड कोरडं ठणठणीत.

मी हिशोब मांडला. रविवारी गर्दी, आठही सीट भरलेल्या. वजनानं बोटीची पाठ दबत असणार, भाता खोल जात असणार, अन् त्याला असलेली बारीक चीर पाण्याखाली येत असणार. आठ माणसं, त्यात लेकरं, अन् मध्ये एक चिरलेलं रबर! मला जेवण जाईना. मी बोट बंद करायला लावली अन् ट्रेलरवर घालून गॅरेजला आणली.

भाते तपासले. धड. पायात हवा भरून बाहेरून साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. पाण्याच्या नळ्या तपासल्या. त्याही धड. आठवडा गेला.

शेवटी मी बायकोचा रांगोळीचा डबा उचलून आणला. हा आमचा नेहमीचा उपाय. बुडात पांढरी रांगोळी पातळ पसरायची अन् बोट चालवायची. पाणी जिथून येतं तिथून रांगोळीवर ओघळ उमटतो. पुढच्या रविवारी मंदाताईंना सांगून तळ्यावर दर रविवारचे तेच आठ पिकनिकवाले पुन्हा बसवले, सगळ्यांना लाईफ जॅकेटं घातली अन् काठाकाठानं एक चक्कर मारली. परत आल्यावर फळी उघडली, तर ओघळ होता!

पण तो मागून नव्हता. पुढून आला होता.

पुढून म्हणजे बोटीचा तळच फुटला! मी मनातल्या मनात फायबर खरवडायला घेतलं. दामूभाऊंनी वाकून ओघळात बोट बुडवलं अन् जिभेला लावलं.

"विलास, पाणी गोड आहे गा."

"दामूभाऊ, तळ्याचं पाणी गोडंच राहते! हा काय समुद्र आहे?"

"गोडं नाही म्हणून राहिलो. गोड! लिंबाचं सरबत आहे हे."

पिकनिकवाले पुढच्या सीटखाली थंड सरबताचा मोठा डबा ठेवत होते अन् त्याची तोटी ढिली होती! मी हुश्श करून खाली बसलो. मंदाताई मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या.

"आठ दिवस माझी बोट उभी ठेवली, भाऊ! बोटीत मुंग्यांची एवढी मोठी लाईन लागून राहते दर सोमवारी. त्यायले विचारलं असतं तं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं!"

*

गळती शोधायची आणखी एक युक्ती आहे. बोट तळ्यात असली तर पाणी बाहेरून आत येतं, अन् ते कुठून शिरतं हे दिसत नाही. म्हणून बोट जमिनीवर घ्यायची अन् आतच पाणी भरायचं. जिथून बाहेर ठिबकतं, तेच भोक!

असंच एकदा नळाचा पाइप लावून मी एका बोटीत पाणी भरत होतो. तेवढ्यात तिचे मालक आले. दारातच थिजले.

"अबे, मी बोट पाणी काढाले देल्ली होती!"

मी समजवायला गेलो, पण ते ऐकेनात. त्यांनी बायकोला फोन लावला. आम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "अवं, तुह्या माहेरचे बरे! ते निदान भरलेले डबे रिकामे तरी करते!"

*

हा किस्सा सांगताना मला अजून घाम फुटतो.

एका सरकारी ऑफिसची बोट होती. कोणतं ऑफिस ते विचारू नका. पावसाळ्याआधी ती तयार हवी होती, अन् पावसाळ्याला आठवडा उरलेला. उन्हाळाभर शेडमध्ये उभी होती ती. पाहिलं तर तिच्या भात्याचा पार चोथा झालेला! शेडमधल्या घुशीनं घडी अन् घडी कुरतडून ठेवली होती. बोट तशीच पाण्यात उतरवली असती तर चहा संपायच्या आत बुडाली असती.

मी धावपळ करून नवा भाता मिळवला, बसवला, तपासला. ऑफिसच्या क्लार्कनं सांगितलं, बिघाडाचं कारण लेखी द्या. मी सरळ मनाचा माणूस. लिहिलं : "घूस शिरल्याने भाता खाल्ला गेला."

दोन दिवसांनी क्लार्कचा फोन.

"विलासभाऊ, काय लिहून ठेवलं तुम्ही! साहेबानं चौकशी लावली!"

साहेब नवीन होते, उत्तरेकडून बदलून आलेले. मराठी अक्षर अक्षर लावून वाचत. अन् हिंदीत घूस म्हणजे लाच! वर 'भाता' त्यांनी 'भत्ता' वाचला होता. ऑफिसात सगळ्यांना रांगेत उभं करून ते विचारत होते, "घूस भी खाई, भत्ता भी खाया? कौन है ये आदमी?"

मला बोलावणं आलं. रात्रीचं जेवण नाही, सकाळचा चहा नाही, नुसते फोडणीच्या मोहरीसारखे विचार तडतडत होते. लायसन जाईल, गॅरेजला सील लागेल, बायकोला काय सांगू! दामूभाऊंनी कुरतडलेला जुना भाता पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

"बोलू नको. नुसतं दाखव."

मी साहेबांच्या टेबलावर भाता ठेवला. बोलायचं नव्हतं, म्हणून हातानंच घूस किती मोठी असते ते दाखवलं अन् दात वाजवून दाखवले. साहेबांनी भाता उचलला, खिडकीशी नेला, उलटासुलटा केला. दातांच्या खुणांवरून बराच वेळ बोट फिरवलं. मग मोठा श्वास सोडून खुर्चीत बसले.

"चलो, शुक्र है," ते म्हणाले. "दाँत बहुत छोटे हैं। अपने ऑफिस का आदमी नहीं है!"

*

स्टर्न ड्राइव्हच्या पायात गियरचं तेल असतं. चांगलं असलं तर मधासारखं दिसतं. पाणी शिरलं की दुधाच्या चहासारखं होतं. तो चहा दिसला की मेकॅनिकची झोप उडाली समजा.

मंदाताईंच्या बोटीतून तो चहा निघाला. मी वरचं सील बदललं. पंधरा दिवसांनी पुन्हा चहा! मी गियरच्या दांडीचं सील बदललं. पुन्हा चहा! पंख्याकडचं सील मी आदल्याच वर्षी नवं घातलेलं, त्यामुळे तिकडे मी पाहतच नव्हतो. आता मला वाटायला लागलं, आपले हातच गेले. सील उलटं तर नाही बसवत आपण? घरी कुकरची रिंगसुद्धा मी दोनदा काढून तपासायला लागलो.

त्यात मंदाताईंचे यजमान शंकरभाऊ. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर गळ टाकून बसतात. मासा लागो न लागो, तोंड चालूच.

"विलासभाऊ, तुमच्या हातात दम नाही राहिला आता!"

मी मान खाली घालून काम करायचो. तेल तर चहाच होतं.

शंकरभाऊंचं दुसरं पुराण त्यांच्या माशाचं. "लय मोठी मासोळी लागली होती गा. माझ्या दोन्ही हातांत नाही मावली असती. पण असा झटका देल्ला, असा झटका देल्ला, सारा तंगूस गळासकट घेऊन गेली!" तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा बारीक दोरा. ही गोष्ट त्यांनी गावभर सांगितली होती. अन् दर वेळी मासोळी वीतभर वाढत होती.

तिसऱ्या वेळी दामूभाऊ स्वतः तळ्यावर आले. पान्हा घेतला अन् पंखाच उतरवला. पंख्यामागे दांडीला काहीतरी चमकत होतं. चाकूच्या टोकानं उचकटलं, तर दोरा निघायला लागला. दामूभाऊ ओढत होते अन् दोरा येतच होता. दांडीभोवती गुंडाळून गुंडाळून त्यानं सील कापून टाकलं होतं! शेवटी गळ आला. गळाच्या वर लाल रेशमाची गाठ.

शंकरभाऊंच्या ओळखीची गाठ. ते उठून उभे राहिले.

"हा... हा तं माझा तंगूस आहे!"

मंदाताईंनी एकदा बोटीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"बरं झालं वर ओढली नाही तुम्ही," त्या म्हणाल्या. "दीडशे हॉर्सपॉवरची मासोळी शिजवली असती कायच्यात?"

*

मागच्या वर्षी दामूभाऊंना धाप लागायला लागली. गॅरेजच्या माळ्यावर चढले की वर पोचून पाच मिनिटं कठड्याला धरून उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "जागा पाहून राहिलो."

त्यांच्या मुलाची पुण्याला नोकरी. मीच ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीवर यंत्र फिरवलं, पडद्यावर ते हृदय असं उघडमीट करत होतं, अन् डॉक्टर म्हणाले, "व्हॉल्व्हमध्ये लीक आहे."

मी खुर्चीचा हात गच्च धरला. जन्मभर लीक हा शब्द ऐकत आलो, पण असा कधी ऐकला नव्हता.

दामूभाऊ मात्र मान वळवून पडदा पाहत होते.

"येणाऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह का जाणाऱ्या?"

डॉक्टर थोडे दचकले. "येणाऱ्या. रक्त थोडं मागे येतं."

"मग पंप खोलावा लागते का?"

"सध्या नाही. गोळ्या देतो. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू."

"म्हणजे चालवून पाहाचं."

"हो," डॉक्टर हसले. "पण जपून चालवायचं."

बाहेर व्हरांड्यात आलो अन् माझा बांध फुटला. बाकावर बसून मी लहान पोरासारखा रडलो. वडील गेले तेव्हाही इतका रडलो नव्हतो. दामूभाऊ शेजारी बसले. खिशातून फडकं काढून दिलं. त्याला ग्रीसचा वास होता.

"काहून रडून राहिला गा? आयुष्यभर पंपच पाहिले मी. गळका पंप लवकर जात नाही. त्याच्यावर सगळ्यायचं ध्यान राहते. जो गळत नाही ना, तोच एक दिवस न सांगता बंद पडते." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "तू आपलं तपासून घे बरं एकदा."

आत नेऊन नर्सबाईंनी माझं बीपी घेतलं. दोनदा घेतलं. मग मला पलंगावर आडवं केलं, हलायचं नाही म्हणाल्या.

अन् दामूभाऊ माझ्यासाठी ऑटो आणायला गेले!

*

हा शेवटचा. हा दामूभाऊंच्या त्या डॉक्टरच्या आधीचा, दोन पावसाळ्यांपूर्वीचा. त्या दिवशी सगळे सुखरूप बाहेर आले हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे पोट धरून बसाल.

तीन दिवस पाऊस लागून होता. चौथ्या दिवशी सकाळी उघडला, पण तोवर नदीकाठच्या एका खेड्यात पाणी शिरलं होतं. माणसं छपरांवर चढून बसलेली. रबरी बोटी सगळ्या दुसऱ्या गावांना गेल्या होत्या. तहसीलमधून मंदाताईंना फोन आला, तुमची मोठी बोट आणा. मंदाताईंनी ती ट्रकवर घातली अन् वाटेत आमच्या दारात थांबवली. कारण तिचा भाता फाटलेला होता! दोनच दिवसांपूर्वी मी तो पाहिला होता. नवीन मागवला होता, पण पावसानं पार्सल अडकलेलं.

"ही बोट पाण्यात जाणार नाही," मी म्हणालो. "मी नाही म्हणून राहिलो, मंदाताई!"

"तिकडं माणसं छपरावर आहेत, भाऊ."

दामूभाऊंनी तोवर सायकलची ट्यूब उभी फाडून पट्ट्या केल्या होत्या. त्यांनी भात्याला त्या गच्च आवळून गुंडाळल्या. मग मंदाताईंना जवळ बोलावलं.

"पाहून घे वं. फाट डाव्या बाजूले आहे. तू बोट उजवीकडं वळवली की पाय फिरते, अन् भाता डावीकडून ताणते. ताणला की पट्टी सरकन, अन् पाणी आत. डावीकडं वळली तं फाट मिटून राहते."

"म्हणजे फक्त डावीकडं वळाचं?"

"फक्त डावीकडं."

मंदाताईंनी पदर खोचला. "चाला."

बोटीत आम्ही तिघं. मंदाताई चाकावर. दामूभाऊ मागे इंजिनची फळी उघडून, टॉर्च लावून आत डोकं घातलेले. अन् मी बादली घेऊन मध्ये. दामूभाऊ आतून बातम्या देत होते. "थेंब... थेंब... कोरडं... थेंब..." प्रत्येक थेंबाला मी बादली उचलायचो.

पहिल्या फेरीत शाळेच्या गच्चीवरची माणसं आणली. दुसऱ्या फेरीत एक कुटुंब होतं उजव्या हाताच्या घरावर. उजवीकडं वळता येईना, म्हणून मंदाताईंनी डावीकडून भलामोठा गोल घेतला. छपरावरच्या माणसांना वाटलं, बोट परत चालली! "अरे, पाठ करून काहून चालले? आमी इकडं आहोत ना गा!" बाया रडायला लागल्या. मी दोन्ही हात हलवून ओरडत होतो, "येऊन राहिलो! येऊन राहिलो! जरा फिरून येऊन राहिलो!"

तिसऱ्या फेरीत एकच आजी राहिली होती. गावच्या मारुतीच्या देवळाशेजारी तिचं घर. देऊळ पाण्यात गेलं होतं, नुसता कळस अन् भगवा झेंडा वर; दर फेरीला आम्ही त्यालाच वळसा घालून परत फिरत होतो. आजी आपल्या स्लॅबवर मांडी घालून बसली होती, मांडीवर गाठोडं. पाणी स्लॅबच्या एक हात खाली.

मंदाताईंनी देऊळ डाव्या हाताला ठेवून वळसा घातला अन् बोट स्लॅबला लावली. "चाला आजी, या."

आजी जागची हलली नाही.

"मी नाही येत."

"काहून?"

"सकाळपासून पाहून राहिली मी तुमाले. तीन डाव आल्ले, अन् तिन्ही डाव माह्या मारुतीले उलटी प्रदक्षिणा घातली! देव उजव्या हाताले ठेवा लागते, इतकं कळत नाही? अशा उलट्या फिरल्या तं पाणी चढन नाही तं काय होईन?"

"आजी, बोट बिघडली आहे..."

"बोट बिघडली, म्हणून देव बिघडवता का? आधी एक सरळ घाल वं पोरी. मंग मी बसतो."

मी हात जोडले. मंदाताईंनी समजावलं, दटावलं, शेवटी आईची शपथ घातली. आजी कळसाकडे पाहत बसून राहिली. अन् तेवढ्या वेळात स्लॅबखालची विटांची एक रांग पाण्यात गेली. मी ती जाताना पाहिली.

मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दामूभाऊंकडे पाहिलं. सरळ प्रदक्षिणा म्हणजे सगळीच्या सगळी उजवीकडं!

दामूभाऊंनी फळीतून डोकं बाहेर काढलं, चष्मा पुसला, देवळाचा घेर पाहिला.

"एक होईन," ते म्हणाले. "दोन नाही होणार."

मंदाताईंनी चाक उजवीकडं फिरवलं. मी बादली धरली. मनात जेवढे देव आठवले तेवढे म्हणून टाकले.

"थेंब..." आतून आवाज आला. "थेंब... थेंब... धार! विलास, धार लागली गा!"

मी उपसायला लागलो. घोट्याएवढं झालं. बादलीमागून बादली फेकत होतो, पण ते वाढतच होतं. इंजिन एकदा खोकलं. मंदाताईंचे ओठ हलत होते, शिव्या होत्या का स्तोत्र, कळलं नाही. कळस उजव्या हातानं हळू... हळू... मागे गेला. स्लॅबवर आजी हात जोडून, डोळे मिटून उभी होती. घाई कसलीच नाही.

बोट पुन्हा स्लॅबला लागली तेव्हा आत पोटरीएवढं पाणी होतं. आजीनं गाठोडं माझ्या हाती दिलं, लुगडं जरा वर घेतलं अन् बोटीत पाय टाकला. थेट पाण्यात!

मी माफी मागायला तोंड उघडलं. आजीनं खाली पाहिलं. मग वाकली, ओंजळभर पाणी उचललं, डोळ्यांना लावलं, थोडं मंदाताईंवर शिंपडलं, थोडं माझ्यावर, अन् उरलेलं दामूभाऊंच्या टकलावर.

"पाहा!" ती म्हणाली. "एक सरळ घातली, तं देवानं तीर्थ बोटीत आणून देल्लं!"